राजमार्गाची पाऊलवाट

रस्त्याचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे फारशी चाल नाही. राजांचा इतिहास आहे, गडकोटांचा आहे, देवळांचा आहे. पण ज्या वाटेने राजा गडावर गेला आणि ज्या वाटेने यात्रेकरू देवळाच्या दारी पोचला, त्या वाटेची बखर क्वचितच कोणी लिहितो. याचे कारण उघड आहे. रस्ता पायाखालचा, आणि पायाखालच्या वस्तूकडे मान वाकवून पाहण्याची माणसाला सवय नसते. शिवाय रस्ता जुना झाला की एक तर तो मोडतो, नाही तर रुंद होतो. आणि जुन्याच्या दृष्टीने पाहिले तर रुंद होणे हा मोडण्याचाच एक प्रकार होय. जुना रस्ता जुन्याच रूपात उरावा, त्यावरून आजच्या माणसाने पायी चालावे, आणि त्याच्याच कडेला कोल्ह्याने बीळ करावे, असा योग जगात फार थोड्या ठिकाणी जुळून आला आहे. अशा एका रस्त्याची हकीकत येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे. तो रस्ता म्हणजे रोम शहरातून दक्षिणेकडे जाणारा आप्पियन मार्ग.

इ. स. पू. ३१२ मध्ये हा रस्ता बांधावयास घेतला. त्या सुमारास आपल्याकडे चंद्रगुप्त मौर्याचे राज्य होते. रोम तेव्हा साम्राज्य नव्हते. शेजाऱ्यांशी झुंजणारे ते एक होतकरू नगरराज्य होते. दक्षिणेच्या डोंगरातील साम्नाइट लोकांशी त्याचे युद्ध चालू होते, आणि सैन्य वेळेवर पोचविण्यास वाट नव्हती. आपियस क्लॉडियस या अधिकाऱ्याने रोमपासून कापुआ शहरापर्यंत १३२ रोमन मैलांचा, म्हणजे सुमारे १९५ किलोमीटरांचा, रस्ता आखला. त्याच वर्षी रोमला बाहेरून पाणी आणणारा पहिला कालवाही त्यानेच काढला. पाणी आणि रस्ता ही नगराची दोन मूळ कामे एकाच माणसाने एकाच वर्षी हाती घ्यावी, ही लहानसहान गोष्ट नव्हे. सरकारी खजिना त्याने रिता केला असा ठपका त्याच्यावर आला. म्हातारपणी त्याची दृष्टी गेली आणि 'आंधळा' हेच त्याचे उपनाव झाले. पण त्याचे नाव आजवर चालते आहे ते रस्त्यावरून.

रस्ता आरंभी खडीचा होता. पुढील वीसएक वर्षांत रोमजवळचा भाग फरसबंद झाला. त्यासाठी लागणारा दगड दूरचा नव्हता. आल्बानच्या टेकड्या हे एके काळचे ज्वालामुखी. त्यांतून निघालेल्या लाव्ह्याची एक जीभ रोमच्या दिशेने येऊन थिजली आहे, आणि पहिल्या काही मैलांत रस्ता तिच्याच पाठीवरून जातो. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाशी नाते सांगणारा तो दगड. त्याच्या मोठाल्या बहुकोनी चिपा एकमेकींत अशा बसविल्या की चुन्याची गरज पडली नाही. रुंदी १४ रोमन फूट, म्हणजे चार मीटरांहून थोडी अधिक. समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्या एकमेकींना न घासता जाव्यात हा हिशेब. दोन्ही कडांना पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी पट्टी. गाड्यांच्या चाकांनी फरशीत पाडलेले खोल चर आजही स्पष्ट दिसतात. 'चाकोरी' हा शब्द आपण उठताबसता वापरतो. तिचे मूळ रूप पाहावयाचे असेल तर ते येथे दगडात कोरलेले आहे.

पुढे हा रस्ता इटलीच्या टाचेवरील ब्रिंदिसी बंदरापर्यंत गेला आणि त्याची लांबी पाचशे किलोमीटरांच्या वर भरली. ग्रीसला आणि पूर्वेला जाणारे सैन्य, सरदार, व्यापारी आणि विद्यार्थी याच वाटेने जात. पहिल्या शतकातील कवी स्टेशियस याने तर याला रस्त्यांची राणी म्हटले. पण राणीच्या दारात काय काय घडले तेही इतिहासाने नोंदले आहे. स्पार्टाकस या गुलामाने उभारलेले बंड इ. स. पू. ७१ मध्ये मोडल्यावर क्रासस या सेनापतीने पकडलेल्या सहा हजार गुलामांना कापुआपासून रोमपर्यंत या रस्त्याच्या कडेने क्रुसावर लटकविले. सरासरी काढली तर दर तीस-बत्तीस मीटरांवर एक माणूस येतो. रस्त्याचे कौतुक करताना हा हिशेब विसरू नये.

या वाटेशी आपलाही थोडा संबंध पोचतो. पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या दर्यावर्दी वाटाड्यात पैठणहून अकीक जातीचे दगड आणि तगर, म्हणजे आजचे तेर, येथून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात येत असल्याची नोंद आहे. हिंदुस्थानचा माल लाल समुद्र ओलांडून अलेक्झांड्रियाला जाई आणि तेथून नेपल्सजवळच्या पुतेओली बंदरात उतरे. त्या बंदरात उतरून खुष्कीने रोमकडे निघालेल्याला वाटेत आप्पियन मार्ग लागे. ख्रिस्तशिष्य पॉल कैदी म्हणून रोमला गेला तो याच क्रमाने: पुतेओलीला जहाजातून उतरून, मग या रस्त्याने.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. रोमने रस्ते शेकड्यांनी बांधले. त्यांपैकी पुष्कळांवर आज डांबर आहे, काहींवर रूळ आहेत, काही नांगराखाली गेले. मग याच रस्त्याचे रोमजवळचे काही मैल जुन्या फरशीसह आणि भोवतालच्या रानासह कसे उरले? आमच्या मते त्याला तीन राखणदार भेटले. पहिला मृत्यू, दुसरा ताप आणि तिसरी लेखणी.

रोमच्या 'बारा फलकां'च्या कायद्याने, म्हणजे इ. स. पू. पाचव्या शतकाच्या मध्यापासून, नगराच्या हद्दीत प्रेत पुरण्यास व जाळण्यास बंदी होती. म्हणून वेशीबाहेर पडल्याबरोबर रस्त्याच्या दुतर्फा थडगी सुरू होत. श्रीमंताला वाटे, आपले थडगे जाणाऱ्यायेणाऱ्याने पाहावे, वरचा लेख वाचावा, क्षणभर थांबावे. त्यामुळे सर्वांत गजबजलेल्या रस्त्याच्या कडेची जागा मृतांसाठी मोलाची ठरली. सीसिलिया मेटेला या सरदारघराण्यातील स्त्रीचे बुरुजासारखे वाटोळे थडगे इसवी सनाच्या आधीच्या शतकातले. ते आजही उभे आहे. पुढे ख्रिस्ती लोकांनी याच भागात जमिनीखाली मैलोगणती भुयारे खोदून आपली दफनस्थाने केली. मृतांची वस्ती अशी वर आणि खाली पसरली, आणि जिवंतांची दाट वस्ती दूर राहिली. आपल्याकडेही मसणवट्याच्या वडावर कुऱ्हाड पडत नाही, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही गोष्ट फोडून सांगावयास नको.

दुसरा राखणदार ताप. रोमच्या दक्षिणेला पोंतिनी दलदल पसरली होती. कवी होरेस इ. स. पू. ३७ च्या सुमारास या वाटेने गेला, तेव्हा डासांनी आणि बेडकांनी त्याची झोप उडविली, असे त्याने स्वतःच लिहून ठेविले आहे. साम्राज्य खचले, पाण्याचे निचरे बुजले, आणि दलदल व हिवताप दोन्ही वाढत गेले. सहाव्या शतकात सेनापती बेलिसारियसबरोबर आलेला इतिहासकार प्रोकोपियस रस्ता पाहून थक्क झाला. इतक्या शतकांच्या रहदारीनंतरही दगड हलले नाहीत की झिजून पातळ झाले नाहीत, असे तो सांगतो. पण त्या दगडांवरून चालणारे मात्र कमी होत गेले. चौदाव्या शतकाच्या आरंभी काएतानी घराण्याने सीसिलिया मेटेलाच्या थडग्याची गढी केली आणि वाटसरूंकडून जकात घेण्यास आरंभ केला. रोमभोवतीचा मुलूख तापाच्या भयाने ओस पडला; तेथे मेंढपाळ आणि म्हशी तेवढ्या उरल्या. 'मलेरिया' या शब्दाचा इटालियन अर्थच मुळी 'वाईट हवा'. हा दोष हवेचा नसून डासाचा, हे रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेस १८९७ मध्ये डासाच्या शरीरात रोगजंतू पाहिले आणि पाठोपाठ इटलीत ग्रासीने मनुष्याच्या हिवतापाचा डास ओळखला, तेव्हा कळले. पोंतिनी दलदल १९३० नंतरच्या दशकात आटविली गेली. हजार वर्षे माणसांचे हाल करणाऱ्या या तापाने नकळत एक काम केले होते: जमीन मोकळी ठेविली होती.

याचा अर्थ रस्ता अगदी जसाच्या तसा राहिला असा नव्हे. थडग्यांचे संगमरवर शतकानुशतके लोक नेत होते. कोणी घराला, कोणी भट्टीत घालून चुना करावयाला. सरदार आणि धर्माधिकारी मूर्ती उचलून आपल्या वाड्यांत ठेवीत. या चालीला पहिला सुजाण छेद दिला तो अंतोनियो कानोव्हा या शिल्पकाराने. १८०८ मध्ये एका थडग्याचे अवशेष सापडले, तेव्हा ते संग्रहालयात न नेता त्याने जागच्या जागी एका विटांच्या भिंतीत बसविले. पुढे १८५० ते १८५३ या काळात लुइजी कानिना याने हाच नियम पाळून काही मैलांचा रस्ता मोकळा केला, दोन्ही बाजूंना दगडांची ठेंगणी कुंपणे घातली आणि सापडलेले तुकडे तेथेच मांडले. वस्तूचे स्थान हाही वस्तूचाच भाग आहे, हे तत्त्व येथे प्रथम रस्त्याच्या प्रमाणावर लागू झाले.

तथापि खरे संकट पुढेच होते, आणि ते दारिद्र्याचे नसून भरभराटीचे होते. दुसरे महायुद्ध संपले, हिवताप गेला, खेड्यांतून लोंढे शहराकडे आले. १९५१ मध्ये रोमची लोकसंख्या साडेसोळा लाख होती. १९७१ मध्ये ती सुमारे अठ्ठावीस लाख झाली. एवढ्यांना घरे हवीत हे कोण नाकारील? पण आप्पियन मार्गाच्या कडेला जी घरे उठू लागली ती या गरजवंतांची नव्हती. ते श्रीमंतांचे बंगले होते. थडग्याला टेकून पोहण्याचा हौद, प्राचीन भिंतीत मोटारीचा गाळा, आणि 'खासगी' म्हणून पाटी. भरीत भर म्हणून शहराभोवतीचा नवा वळसा-मार्ग १९५० नंतर जुन्या रस्त्याला मधोमध छेदून गेला. दोन हजार वर्षांत जे गॉथांना साधले नाही ते ठेकेदारांनी पाचदहा वर्षांत करून दाखविले असते.

येथे तिसरा राखणदार पुढे आला. अंतोनियो चेदेर्ना हा १९२१ मध्ये मिलान येथे जन्मलेला पुरातत्त्वाचा अभ्यासक. ८ सप्टेंबर १९५३ रोजी 'इल मोंदो' या साप्ताहिकात त्याचा लेख आला. मथळाच होता 'आप्पियाचे गँगस्टर'. कोणत्या जागी काय पाडले, कोठे काय बांधले, कोणत्या कचेरीने डोळेझाक केली, हे त्याने नावनिशीवार मांडले. एका लेखावर तो थांबला नाही. जन्मभर, मृत्यूच्या वर्षापर्यंत, तो या एका रस्त्याविषयी लिहीत राहिला. लोकांनी त्याला एककल्ली म्हटले. आणि एककल्ली तो होताच. पण सार्वजनिक कामे बहुधा अशाच माणसांच्या हातून तडीस जातात.

चेदेर्नाचे म्हणणे नीट समजून घेतले पाहिजे, कारण या सर्व हकीकतीचे सार त्यात आहे. सरकारी खाते म्हणे, 'थडगी राखू, त्यांच्याभोवती अमुक मीटर जागा सोडू, बाकी जागेत बांधू द्या.' चेदेर्ना म्हणे, 'रस्ता म्हणजे दगडांची माळ नव्हे. त्याच्या दोन्ही बाजूंचे शेत, ओढा, झाड, मोकळे आकाश यांसह तो रस्ता आहे. भोवताल काढून घेतला तर उरलेले थडगे म्हणजे रहदारीच्या चौकातला दगड.' ही नुसती सौंदर्याची हौस नव्हती. मोकळ्या जागेवर साऱ्या नगरवासीयांचा हक्क आहे, चार बंगलेवाल्यांचा नाही, असा त्याचा नागरिकशास्त्राचा मुद्दा होता.

या लिखाणाला यश आले, पण ते फार हळू आले. १९५५ मध्ये 'इतालिया नोस्त्रा', म्हणजे 'आपली इटली', ही वारसा राखणारी संस्था स्थापन झाली. चेदेर्ना तिच्यात होता. १९६५ च्या डिसेंबरात रोमची नगररचना मंजूर करताना सार्वजनिक बांधकामाचे मंत्री जाकोमो मांचिनी यांनी रस्त्याभोवतीची सुमारे २५०० हेक्टर जमीन सार्वजनिक उद्यानासाठी राखून ठेविली. कागदावर जिंकलेला लढा जमिनीवर उतरावयास आणखी तेवीस वर्षे लागली. १९८८ मध्ये लात्सियो प्रांताच्या कायद्याने प्रादेशिक उद्यान स्थापन झाले, आणि १९९३ मध्ये त्याच्या कारभाराचे अध्यक्षपद चेदेर्नाकडे आले. १९९६ मध्ये तो वारला. रस्त्याला चिरून गेलेला वळसा-मार्ग २००० सालच्या सुमारास बोगद्यातून खाली नेण्यात आला आणि तुटलेली जुनी वाट वरून पुन्हा जोडली गेली. हमरस्ता वाकला आणि पाऊलवाट सरळ राहिली, असे दृश्य सहसा पाहावयास मिळत नाही.

या झगड्याच्या काळातच या फरशीवर एक प्रसंग घडला, तो सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १० सप्टेंबर १९६० रोजी रोमच्या ऑलिंपिक सामन्यांतील मॅरेथॉन शर्यत झाली. ती संध्याकाळी सुरू होऊन रात्री संपली. आप्पियन मार्गावर दिवे नव्हते. सैनिक हाती मशाली घेऊन कडेला उभे होते. त्या उजेडात इथियोपियाचा अबेबे बिकिला त्या काळ्या दगडांवरून अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत सर्वांच्या आधी पोचला. पंचवीस वर्षांपूर्वी, १९३५ मध्ये, इटलीच्या फौजा त्याच्या देशावर चालून गेल्या होत्या. तेथून लुटून आणलेला अक्सुमचा प्राचीन स्तंभ या रस्त्याच्या मूळ आरंभस्थानाजवळच उभा होता. तो २००५ मध्ये इथियोपियाला परत मिळाला. जेत्यांच्या फौजांसाठी बांधलेल्या रस्त्यावर जित देशाच्या शिपायाने अनवाणी पायांनी जय मिळवावा, याहून बोलका प्रसंग या रस्त्याच्या इतिहासात आम्हांला तरी दिसत नाही.

आज हे उद्यान सुमारे ४५८० हेक्टर आहे. २०१८ मध्ये त्याची हद्द वाढविण्यात आली. नकाशावर पाहिले तर आल्बानच्या टेकड्यांकडून निघालेली हिरवी पाचर थेट शहराच्या तटापर्यंत शिरलेली दिसते. वन्य प्राण्यांच्या दृष्टीने ह्या आकारालाच महत्त्व आहे. चारी बाजूंनी घरांनी वेढलेल्या बागेत चिमण्या-कावळे येतात. पण रानाशी सलग जोडलेल्या पट्ट्यातून कोल्हा, साळिंदर, काटेचुवा असे भुईवर चालणारे जीवही शहरात पोचतात. ज्या वाटेने सैन्य जाई त्याच दिशेने आता साळिंदर जाते, एवढाच फरक. पडक्या थडग्यांच्या कपारी म्हणजे ससाण्याच्या जातीच्या खरूची पक्ष्याला आणि घुबडाला आयते कडे. बिनचुन्याच्या कुंपणभिंतीत सरडे आणि पाली राहतात. गवतातून हुदहुद चोच खुपशीत हिंडतो. जे मोडके म्हणून दुरुस्त करावेसे वाटते तेच पुष्कळदा कोणाचे तरी घर असते.

रस्त्याच्या पूर्वेला काफ्फारेल्ला नावाची दरी आहे. तिच्यातून आल्मोने हा ओढा वाहतो. प्राचीन रोमन लोक दर वर्षी मार्चच्या अखेरीस सिबिली देवीची मूर्ती मिरवीत नेऊन या ओढ्याच्या संगमावर तिला स्नान घालीत. पालखीतून देवाला नदीवर नेणाऱ्या आपल्या लोकांना त्यात नवल वाटणार नाही. मध्यंतरी या दरीची दशा झाली होती. जागोजाग कचरा आणि अतिक्रमणे. आसपासच्या वस्त्यांतील रहिवाशांनी समिती करून, पदयात्रा काढून, स्वतः हातात फावडी घेऊन ती सोडविली. आज तेथे मेंढ्यांचा कळप चरतो, आणि झाडांवर पोपटांचे थवे कलकलाट करतात. त्यांतील एक जात, गळ्याला कंठ असलेली, म्हणजे आपल्याच पेरूच्या बागेतला पोपट. पिंजऱ्यातून सुटलेल्यांची ही प्रजा. हिंदुस्थानचा माल या रस्त्याने जाई असे वर सांगितले. त्यातला हा हिरवा नग तेवढा तेथे कायम वस्तीला राहिला.

सारेच साधले असे मात्र म्हणता येणार नाही. उद्यानातील पुष्कळ जमीन अजूनही खासगी आहे. बंगल्यांची फाटके रस्त्यावर उघडतात. वेशीजवळच्या पहिल्या टप्प्यात मोटारींची वर्दळ पादचाऱ्याला भिंतीशी दाबते. जे आहे ते एकेक तुकडा मिळवून जमविलेले आहे. २००२ मध्ये सरकारने कापो दि बोव्हे येथील एक खासगी बंगला आवारासह विकत घेतला. आता त्यात चेदेर्नाच्या कागदपत्रांचा संग्रह आहे. ज्या बंगल्यांविरुद्ध त्याने आयुष्य वेचले त्यांतील एकातच त्याचे दप्तर नांदावे, हा काळाने उगविलेला गोड सूड म्हणावा लागेल. जुलै २०२४ मध्ये हा संपूर्ण मार्ग जागतिक वारशाच्या यादीत गेला. तो ठराव झाला ती बैठक भरली होती आपल्या नव्या दिल्लीत.

दिल्लीत रोमच्या रस्त्याचा गौरव झाला. मग आपल्या रस्त्यांचे काय, हा प्रश्न ओघानेच येतो. आपल्याजवळही सातवाहनांचा नाणेघाट आहे. जुन्नरकडून कोकणात उतरणारी, डोंगर फोडून काढलेली ती वाट जवळजवळ आप्पियन मार्गाच्याच भरभराटीच्या काळची. माथ्यावर जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण आहे. लेण्यात नागनिकेचा शिलालेख आहे. राजघराण्याच्या कोरीव मूर्ती नष्ट झाल्या, वरची नावे आणि पावलांच्या काही खुणा उरल्या. ही वाट आजही पायांनीच चढावी उतरावी लागते. लेणे राखले, रांजणाला कुंपण घातले, म्हणजे घाट राखला असे आपण समजतो. पण चेदेर्नाचा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. पायथ्याचे रान, वाटेवरचे पाण्याचे टाके, कड्यावरचे घरटे आणि माथ्यावरचे मोकळे पठार ही घाटाबाहेरची मानावीत की घाटाचीच?

आपल्या भाषेत 'वहिवाट' असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. जी वाट चालती राहते तिच्यावर चालणाऱ्याचा हक्क राहतो, आणि चालणे थांबले की हक्कही जातो. आप्पियन मार्ग वाचला तो एका माणसाने लिहिले म्हणून, तसाच पुष्कळांनी आपली पायांची वहिवाट सोडली नाही म्हणूनही. आपल्या गावाच्या वेशीबाहेर एखादी जुनी पांद असेल, बारवेकडे जाणारी फरसबंद वाट असेल, घाटाची मोडकी पायरी असेल. तिच्यासाठी सरकारकडे अर्ज अवश्य करावा. पण त्याआधी या उन्हाळ्यातच एखाद्या सकाळी मुलांना घेऊन त्या वाटेने पायी जाऊन यावे.